पंखेवाल्याचं बारसं

समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्रातल्या किड्यांवर इतकी माया करणारी बाई आख्ख्या हिंदुस्थानात दुसरी झाली नसेल. आणि झाली असेलच, तर तिच्या भावजयीची मला कीव येते. ही बाई म्हणजे माझ्या वन्सं, आमच्या ह्यांची थोरली बहीण. हे दौंडला रेल्वेत गार्ड होते, आम्ही राहायचो रेल्वेच्या चाळीत. आणि वन्सं शिरूरला मिशनच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत. शिरूरला घोडनदी, दौंडला भीमा, आणि उन्हाळ्यात दोन्ही नद्या अशा आटायच्या की म्हशींनासुद्धा पाळीपाळीनं डुंबावं लागे. अशा मुलखात राहून वन्संनी खाऱ्या पाण्यातले किडे ओळखण्यात आयुष्य घातलं. लग्न केलं नाही, सोनं केलं नाही, घर बांधलं नाही. किडे मात्र ओळखले.

हे किडे कसले ते आधी सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. भाताच्या शिताएवढा किडा. खडकाच्या भेगेत नाहीतर कालवाच्या शिंपल्यावर चिखलाची बारीक नळी बांधून तिच्यात राहतो. डोक्यावर पिसांचा तुरा. तो नळीबाहेर काढून पंख्यासारखा उघडतो, त्यानंच श्वास घेतो आणि त्यानंच पाण्यातलं खाणं वेचतो. वन्सं त्यांना 'पंखेवाले' म्हणत. "परवाच्या बाटलीत तीन पंखेवाले निघाले, बरे वाटतात," असं त्या म्हणाल्या की नव्या पाहुण्याला वाटे, कुठल्या तरी घराण्याशी सोयरीक चाललीय. कुठला पंखेवाला कुठल्या जातीचा हे त्या अंगाखांद्यावरून ठरवत. तुऱ्यात पिसं किती, पिसांवर डोळ्यांचे ठिपके आहेत का, मानेभोवतीची कॉलर सलग आहे की पाठीवर फाटलेली, छातीची वळी, म्हणजे गांडुळाला असतात तशी कडी, किती. हो, कॉलर. शास्त्रात तिला कॉलरच म्हणतात असं वन्संनी मला सांगितलं तेव्हा आधी मला ती थट्टा वाटली. पण वन्सं किड्यांच्या बाबतीत थट्टा करत नसत.

माणसांच्या बाबतीतही त्यांची तीच रीत. चेहरा त्यांच्या लक्षात राहायचा नाही. चेहरा हे खात्रीचं लक्षण नव्हे, असं त्यांचं मत. त्या माणूस ओळखायच्या तो कानाच्या पाळीवरून, मनगटावरून, टाचेवरून. दुधवाल्यानं दाढी काढली, मिशा काढल्या, तरी त्या बिनचूक हाक मारायच्या, कारण त्याच्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. आणि एका थंडीत त्यानं बूट घातले तर "कोण आपण?" म्हणून त्याला दारातच उभा केला. मला बघायला आल्या तेव्हा बाकीच्या बायकांनी विचारलं, शिवण येतं का, गीतं म्हणता येतात का. वन्संनी विचारलं, "हात वर कर बघू." मी केला. त्यांनी माझं कोपर दोन बोटांत धरून पाहिलं आणि आपल्या आईला म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. हाड मजबूत आहे. नाव काय म्हणालीस?" माझ्या आईला ते फार लागलं. मला नाही लागलं. सासरी हाडच उपयोगाला येतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

किडा ओळखायचा म्हणजे एकेक प्रश्न विचारत जायचं, आणि दर प्रश्नाला उत्तरं दोनच: आहे किंवा नाही. डोळ्यांचे ठिपके आहेत, तर ह्या वाटेनं. नाहीत, तर त्या वाटेनं. शेवटच्या प्रश्नाला किडा हाताशी येतो. ही सवय वन्संच्या इतकी अंगात मुरली होती की बाजारातही सुटायची नाही. शिरूरच्या शनिवारच्या बाजारात वांग्यांच्या वाट्यापुढे बसून त्या सुरू करायच्या, "देठाला काटे आहेत की नाहीत? आहेत. बरं. अंगावर रेघा आहेत की नाहीत?" एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "बाई, वांगी न्यायची हायेत का त्यांची लगनं लावायची?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "लग्नाआधी तरी कोण इतकं बघतं?" आणि पाव शेर वांगी घेऊन उठल्या. पाळकसाहेबांच्या उपदेशालाही त्या हाच न्याय लावत. उपदेशात दृष्टांत आहे की नाही? आहे. तो मागच्या महिन्यात सांगितलेला आहे की नाही? आहे. मग त्या डोळे मिटून घेत, आणि लोकांना वाटे बाई प्रार्थनेत आहेत.

त्यांच्याकडे पितळेचा एक सूक्ष्मदर्शक होता. मायदेशी परत जाणाऱ्या एका मडमबाईंनी तो त्यांना दिला होता. वन्सं त्याला दुलईत गुंडाळून ठेवत. स्वतः दोन हिवाळे जुन्या शालीवर काढले, पण दुलई त्याची ती त्याची. सुट्टीत दौंडला येताना यष्टीत तो त्यांच्या मांडीवर असे. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, पोराला जरा खाली बसवा की, मान्सं हुबी हायेत." वन्सं म्हणाल्या, "त्याला धक्का सोसत नाही." कंडक्टरनं दुलईकडे बघून आवाज खाली आणला आणि विचारलं, "आजारी हाय व्हय?" पुढच्या गावापर्यंत सगळ्या गाडीनं आमच्याकडे दयेनं पाहिलं. एका म्हातारीनं तर दुलईवरून कडाकडा बोटं मोडली. वन्संनी काही खुलासा केला नाही. मी करणार होते, पण मला बसायला जागा मिळाली होती.

किडे यायचे मालवणहून. वन्संची कॉलेजातली मैत्रीण तिथं डॉक्टरीण होती. ओहोटीला ती खडकावरची कालवं खरवडून, फॉर्मालिनच्या औषधात घालून, बाटल्या बोटीनं मुंबईला पाठवायची आणि तिथून त्या रेल्वेनं दौंडला यायच्या. ते दिवस दारूबंदीचे. बाटली म्हटली की पोलिसांचे कान उभे राहायचे. दौंडच्या पार्सल ऑफिसात एक नवा हवालदार आला होता. त्यानं वन्संची पेटी अडवली.

"ह्यात काय हाय?"

"पंखेवाले," वन्सं म्हणाल्या.

"कुठले?"

"मालवणचे."

हवालदारानं बाटली उजेडात धरली. "आन् हे पानी कसलं?"

"ते पिण्याचं नाही."

"समदी असंच म्हंत्यात," हवालदार म्हणाला. त्यानं बूच काढलं आणि वन्सं नको नको म्हणत असताना जाणकारासारखा लांब वास घेतला. फॉर्मालिनचा वास ज्यानं घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. बिचारा बाकावर बसून रडत राहिला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. वन्संनी त्याला पदरानं वारा घातला आणि पाणी आणायला मला पिटाळलं. जरा सावरल्यावर तो म्हणाला, "बाई, माफी असावी. पर एक सांगा, ही पितं तरी कोन?" त्यानंतर आमची पेटी कधी अडली नाही. उलट तोच ती लांब धरून घरी आणून द्यायचा.

एवढं सगळं कशासाठी, असं मी लग्नानंतर एकदा सरळच विचारलं. मला आडून विचारता येत नाही. तेव्हा वन्संनी सांगितलं, "कॉलेजात असताना सहलीला मालवणला गेले होते. खडकातल्या डबक्यात एक फूल दिसलं. नखाएवढं, तांबूस, पाण्यात हलणारं. नीट बघायला म्हणून वाकले, तशी माझी सावली पाण्यावर पडली. फूल नळीत गेलं. गेलं म्हणजे डोळ्यांदेखत नाहीसं झालं. कितीतरी वेळ थांबले, पण बाईंनी हाक मारली आणि निघावं लागलं." त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, तेव्हा शाळेत होता. वन्संनी शिरूरची नोकरी धरली. पुन्हा समुद्र दिसला नाही. बाटलीतल्या किड्यांचे तुरे मिटलेले असतात, ओल्या कुंचल्यासारखे. म्हणजे जन्मभर ज्यांची पिसं मोजली, त्यांतला एकही उघडलेला त्यांनी धड पाहिलेला नव्हता.

त्या निवृत्त होणार त्या वर्षी बाटलीत तो किडा आला. खरं तर तीन होते, तिन्ही एकाच शिंपल्यावरचे. सगळे प्रश्न विचारून झाले तरी ते कुठल्याच जातीत बसेनात. त्या घराण्यातल्या किड्यांना छातीची वळी आठ असतात, यांना पाचच. तुराही आखूड. वन्संनी पुन्हा पुन्हा पाहिलं, चित्रं काढली आणि मुंबईच्या एका प्रोफेसरांना कळवलं. ते म्हणाले, जात नवी दिसते; शेवटची खात्री करून नमुने पाठवा, तुमच्या नावानं छापू, नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. वन्संनी ठरवायला वेळ घेतला नाही. शिरूरचं नाव द्यायचं. ज्या गावाला समुद्र नाही, त्याचं नाव समुद्रात नेऊन सोडायचं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्या महिन्यात त्यांनी दुधवाल्यालासुद्धा बुटासकट ओळखलं.

शाळेत ही बातमी लपली नाही. नाव ठेवायचं म्हणजे बारसं, असं वसतिगृहातल्या मुलींनी परस्पर ठरवून टाकलं. काडेपेटीचा पाळणा केला, त्याला रंगीत दोरा बांधला. पाळकसाहेब काळजीत पडले. म्हणाले, "बाई, किड्याचा बाप्तिस्मा करता येत नाही." वन्सं म्हणाल्या, "बाप्तिस्मा नव्हे, साहेब, बारसं. तुम्ही नुसते घुगऱ्यांना या." घुगऱ्यांचे हरभरे वडगाव रासाईहून दगडूआप्पांनी आणले. आप्पा शेतकरी, त्यांची मुलगी वसतिगृहात होती, आणि तिला शिकवणाऱ्या बाईंच्या घरचं कार्य म्हणजे आपलंच कार्य, असा त्यांचा हिशेब. मी आदल्या दिवशीच दौंडहून जाऊन हरभरे भिजत घातले होते.

बारशाच्या सकाळी वन्सं खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शेवटची खात्री करत होत्या आणि मी खाली बसून ह्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटवत होते. वरच्या बाजूनं विरलेली कॉलर उसवायची, आतली चांगली बाजू वर करायची आणि पुन्हा शिवायची. प्रत्येक घरात चालायचं ते. वन्सं डोळे चोळत माझ्याकडे वळल्या.

"हे काय करतेस गं?"

"जुना सदरा नवा करतेय. आणखी वर्षभर जाईल."

"मग बघणाऱ्याला कळत नाही?"

"शिवून झाल्यावर नाही कळत. आत्ता कळेल. हे बघा, ही बाजू उलटलीय, ही अजून उलटायचीय."

वन्संनी सदरा हातात घेतला. अर्धी कॉलर नवी, अर्धी विरलेली. बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि पुन्हा काचेला डोळा लावला. मला वाटलं, ऊन जायच्या आत उरकून घेतायत. मी सदरा पुरा करून बटणंही पक्की केली, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "ये, बघ."

मला त्यात काय दिसणार? पण त्यांनी समजावून सांगितलं. पंखेवाल्याच्या छातीच्या वळ्यांवर केस वरच्या बाजूला असतात आणि गळासारखे बारीक आकडे खालच्या. पोटाच्या वळ्यांवर बरोबर उलटं, आकडे वर, केस खाली. छाती कुठं संपते ते त्यावरूनच कळतं. आणि ह्या तिसऱ्या किड्याच्या पाचव्या वळ्यावर डावीकडे केस वर होते, उजवीकडे अजून आकडेच वर होते. माझ्या हातातल्या मघाच्या कॉलरीसारखं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे हा नवा नाही," वन्सं म्हणाल्या. "आपला नेहमीचाच आहे. उलटवायचं काम चालू होतं."

मी बाई व्यवहारी. मी म्हटलं, "एकाच किड्यात दिसतंय ना ते? मग तो ठेवा इथं आणि दुसरे दोन पाठवा मुंबईला." मला अजूनही त्यात फार गैर वाटत नाही. तीस वर्षं पिसं मोजलेल्या बाईला दोन किडे माफ करायला देवाची हरकत नसावी. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कोपर बघताना पाहिलं होतं, तसंच. "आणि मालवणच्या खडकावर जाऊन त्या किड्याला काय सांगू?" एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि निम्मं पेल्यातच ठेवलं. तेवढ्यात चुलीवरच्या हरभऱ्यांना उकळी आली म्हणून मी उठले. हरभऱ्यांना कुणाची दुःखं कळत नाहीत.

चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. काडेपेटीचा पाळणा टांगलेला. मुली वेण्या घालून, तेल लावून रांगेत. मला वाटलं, वन्सं डोकं दुखतंय सांगून आत बसतील. त्या आल्या, नीट पदर घेऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मुलींनो, बारसं होणार नाही. मी चुकले."

वन्सं पुढे म्हणाल्या, "ह्यांना कुठल्या तरी माशानं कुरतडलं होतं. तुरा गेला, डोकं गेलं, छाती गेली. मागचं पोट तेवढं नळीत उरलं. त्या उरलेल्यानं पुन्हा डोकं केलं, पुन्हा तुरा काढला, आणि पोटाच्या एकेका वळ्याची छाती करत होता. पाच झाली होती, तीन राहिली होती. तेवढ्यात आपण त्याला बाटलीत घातलं. मी ह्यांची जखम मोजली आणि तिला जात समजले. शिरूरचं नाव आता देता येणार नाही."

मुलींची तोंडं उतरली. एकीला रडूच फुटलं. पाळकसाहेबांनी घसा साफ केला, पण ह्या प्रसंगाला त्यांच्याकडे दृष्टांत नव्हता. तेव्हा मागं खांबाला टेकून बसलेले दगडूआप्पा म्हणाले, "बाई, येक इचारू का?"

"विचारा, आप्पा."

"मुंडकं गेलं तरी गडी जित्ता ऱ्हायला?"

"राहिला."

"आन् पुन्हा समदं अंगातनं उगवून काढलं?"

"हो, काढत होता."

"मग बारसं का न्हाई?" आप्पा उठूनच उभे राहिले. "बाई, माझ्या आईची माझ्या आधीची पोरं जगली न्हाईत. मी बी जायाचाच हुतो. वाचलो, तवा माझं नाव दगडू ठिवलं. मरता मरता जो ऱ्हातो, त्याला असलंच नाव लागतंय, म्हंजी पुन्हा कुनाची नजर जायाला नगं. नवी जात नसंल तर नसंल. पर नाव ह्याला पायजेच. दगडू ठिवा की!"

वन्सं म्हणाल्या, "शास्त्रात बसत नाही हो, आप्पा."

"शास्त्रात नसंल बसत तर बाटलीवर बसवा."

आधी ती रडणारी मुलगीच हसली. मग सगळा व्हरांडा हसला. वन्सं हसल्या तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. मग पाळण्याला झोका दिला. मुलींनी नेहमीचाच पाळणा म्हटला, त्यात 'बाळ' होतं तिथं 'दगडू' घातलं. घुगऱ्यांत पहिला हात पाळकसाहेबांनी घातला. मीठ जरा कमी पडलं होतं, ते कुणी बोललं नाही.

प्रोफेसरांना वन्संनी दुसऱ्याच दिवशी कळवून टाकलं. शिरूरचं नाव समुद्रात गेलं नाही ते नाहीच. निवृत्त झाल्यावर मात्र त्या मालवणला गेल्या, मैत्रिणीकडे. सूक्ष्मदर्शक शाळेला देऊन, दुलई स्वतः पांघरायला घेऊन. परत आल्या तेव्हा मी विचारलं, "दिसला का?" म्हणाल्या, "ऊन समोर घेऊन बसले होते. सावली मागं पडत होती." मी म्हटलं, "मग?" तेव्हा त्यांनी बोटं मिटली आणि माझ्यासमोर सावकाश उघडून दाखवली.

वन्संना जाऊन आता बरेच दिवस झाले. त्यांच्या सामानातून मी दोनच वस्तू ठेवून घेतल्या. दुलई, कारण ती चांगली होती. आणि ती बाटली. का घेतली ते विचारू नका, घरात अडगळ ठेवायची मला सवय नाही. खिडकीतल्या फळीवर असते, हिंगाच्या डबीशेजारी. वन्संच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे, दगडू. सकाळी फळी पुसताना खिडकीतून ऊन येतं आणि माझी सावली बाटलीवर पडते. औषधातल्या मेलेल्या किड्याला सावलीचं काय, हे मला चांगलं कळतं. तरी मी जरा बाजूला सरकते आणि पुसते.